चिकित्सेचे चार पाय आणि सल्ल्याचा पाचवा

(वारूळवाडी, ता. जुन्नर येथे दीर्घकालीन आजाराचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मीना नदीच्या खोऱ्यात, पुणे-नाशिक रस्त्यालगत नारायणगाव आणि वारूळवाडी ही गावे अशी खेटून वसली आहेत की, एकाची वेस कोठे संपते आणि दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे परगावच्या माणसाला सांगता येऊ नये. गावांचे आहे तेच माणसांचेही आहे. कोणाच्या द्राक्षबागेवर रोग पडला तर त्याची बातमी दुपारपर्यंत सर्वांना असते. कोणाच्या घरी आजारपण आले तर संध्याकाळी ओसरीवर चार माणसे जमतात. शेजारच्या सदनिकेत कोण आजारी आहे याचा पत्ता महिनोन्महिने न लागणाऱ्या महानगरांनी हेवा करावा, अशी ही ग्रामजीवनाची पुण्याई आहे.

परंतु या पुण्याईला एक दुखरी बाजूही आहे आणि आज तिचाच विचार करावयाचा आहे. ओसरीवर जमलेली चार माणसे रोग्याची विचारपूस करतात, चहा घेतात आणि उठण्यापूर्वी चार सल्ले देऊन जातात. एक म्हणतो, "कारल्याचा रस सुरू करा, गोळ्यांची गरजच उरणार नाही." दुसरा म्हणतो, "इन्शुलिन मात्र घेऊ नका, एकदा लागले की सुटत नाही." तिसऱ्याच्या मेहुण्याला कोठल्याशा गावच्या पुडीने गुण आलेला असतो. चौथा काहीच सुचवीत नाही, मात्र "तुम्ही फार मनाला लावून घेता, म्हणूनच हे होते" असा निकाल देऊन मोकळा होतो. चौघांच्याही मनात प्रेमच असते. ती निघून गेल्यावर रोगी मात्र अधिक एकटा आणि अधिक संभ्रमित झालेला असतो. कधी कधी तर त्या रात्रीची गोळी तो घेत नाही.

किरकोळ, थोड्या दिवसांच्या आजारांच्या बाबतीत असा सल्ला बहुधा फारसे नुकसान करीत नाही. आठ-पंधरा दिवसांत आजार जातो आणि त्याच्याबरोबर सल्लेही जातात. परंतु मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, अपस्मार, संधिवात हे आजार जन्माचे सोबती असतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. म्हणजे मधुमेहाचा रोगी किंवा उद्याचा रोगी नाही, असे घर शोधावे लागेल. इतक्या माणसांना उरलेले आयुष्य औषधाबरोबर आणि त्याचबरोबर लोकांच्या सल्ल्याबरोबर काढावयाचे आहे.

याप्य : एक विसरलेला शब्द

'हा आजार बरा कधी होणार?' हा प्रश्न रोग्याला सर्वांत अधिक छळतो. विचारणाऱ्याच्या मनात आजाराचे दोनच प्रकार असतात. एक बरा होणारा आणि दुसरा न होणारा. म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या घेणारा माणूस त्याच्या दृष्टीने एक तर चुकीच्या वैद्याकडे जातो किंवा पथ्य पाळीत नाही.

आपल्या पूर्वजांची दृष्टी याहून सूक्ष्म होती. आयुर्वेदाने साध्य आणि असाध्य यांच्या मधोमध 'याप्य' नावाचा एक वर्ग मानला आहे. जो समूळ जात नाही, परंतु उपचार आणि पथ्य यांच्या आधाराने ज्याला आवरून धरता येते आणि ज्याच्यासह माणूस दीर्घकाळ जगू शकतो, तो रोग याप्य होय. अल्पशा कारणानेही तो पुन्हा उसळतो, असा इशारा चरकाचार्यांनी दिला आहे. सुश्रुतांनी त्यासाठी दिलेला दृष्टांत तर शेतकऱ्याच्या घरातला आहे. कलणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसे ते घर सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रोग्याला सावरून धरते. प्रमेहाच्या विवेचनातही कफज साध्य, पित्तज याप्य आणि वातज असाध्य, असे भेद केलेले आहेत. एकाच नावाच्या रोगात सर्व रोगी सारखे नसतात, ही जाणीव त्यात आहे.

या दृष्टांतात आजच्या विषयाचे सार आलेले आहे. घर उभे दिसते म्हणून टेकू काढून टाकावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र रक्तदाब तपासणीत बरोबर आला की, "आता कशाला गोळी?" असे म्हणणारी माणसे पावलोपावली भेटतात. रक्तदाब बरोबर आहे तो गोळीमुळे. ती परस्पर बंद केली की काही दिवस काहीच घडत नाही. सल्ला देणाऱ्याचा आत्मविश्वास वाढतो, रोग्याचाही वाढतो. मग एखाद्या पहाटे अर्धांगाचा झटका येतो. त्या वेळी रुग्णालयाच्या दारात सल्लागार नसतो, घरची माणसे असतात.

जो आजार याप्य आहे त्याला याप्य म्हणण्यात पराभव नाही. उलट, 'बरा होणार की नाही' या प्रश्नातून सुटका होऊन 'आज नीट जगलो की नाही' हा रोजचा आणि आवाक्यातला प्रश्न रोग्यापुढे येतो.

चार पायांची चिकित्सा

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण वर्णिले आहेत. वैद्य शास्त्राचा जाणता, अनुभवी, कुशल आणि शुचिर्भूत असावा. परिचारकाला उपचारांचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रोग्यावर त्याचे प्रेम असावे आणि तो स्वच्छ असावा. रोग्याचे गुणही सांगितले आहेत, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. त्याला स्मरण असावे, वैद्याच्या सूचना पाळण्याची वृत्ती असावी, तो भित्रा नसावा आणि आपल्याला काय होते हे त्याला नीट सांगता यावे.

या चौकटीत पाचवा पाय नाही. सल्ला देणाऱ्या पाहुण्याला तेथे स्थान नाही. याचा अर्थ समाजाला स्थान नाही असा मुळीच नव्हे. समाजाचे स्थान परिचारकाचे आहे. प्रेम, दक्षता आणि स्वच्छता हे गुण कोणालाही अंगी बाणवता येतात. त्यासाठी वैद्यकाची पदवी लागत नाही. आपली गफलत अशी होते की, परिचारकाची रिकामी जागा कोणी घेत नाही आणि वैद्याच्या भरलेल्या जागेवर मात्र दहा जण बसू पाहतात.

ज्यांना आयुर्वेदाचा अभिमान आहे त्यांनी तर या बाबतीत अधिक काटेकोर असले पाहिजे. चरकसंहितेत वैद्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत. वैद्याचा वेष आणि साहित्य मिरवणारे ते छद्मचर, नामवंतांच्या नावाचा आधार घेऊन वावरणारे ते सिद्धसाधित आणि खऱ्या योग्यतेचे ते जीविताभिसर. नीट न जाणता वापरलेल्या औषधाची तुलना या ग्रंथाने विष आणि शस्त्र यांच्याशी केली आहे. तेव्हा कोठून तरी आलेला संदेश वाचून "हे आयुर्वेदिक आहे, याने अपाय होत नाही" असे म्हणणे हा आयुर्वेदाचा गौरव नसून त्याची अवहेलना आहे. वनस्पती गुणकारी असते म्हणूनच तिची मात्रा, अनुपान आणि काळ पाहावा लागतो. कारले, मेथी, जांभूळ यांचे आहारात स्थान आहे; इन्शुलिनच्या जागी त्यांना बसविता येत नाही. गूळ आणि मध हे साखरेहून सात्त्विक मानले, तरी रक्तातील साखर तेही वाढवितात.

संधिवाताच्या रोग्यांना मिळणाऱ्या बेनामी पुड्यांविषयी तर विशेष सावध राहावयास हवे. दोन दिवसांत गुडघे मोकळे करणाऱ्या अशा पुडीत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्याने वेदना दबते, पण साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात. पुडी अचानक बंद केली तर प्रकृती धोकादायकरीत्या ढासळू शकते. मधुमेहासह अनेक रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना देशात १९५४ च्या कायद्यानेच मनाई केली आहे. जाहिरात कायद्याने थांबविता येते. ओसरीवरचा शब्द कोणता कायदा थांबविणार? तेथे समाजाचा विवेकच उपयोगी पडतो.

लोकमान्यांचे पथ्य

दीर्घ आजारासह पुरुषार्थ कसा करावा, याचे उदाहरण महाराष्ट्राला दूर शोधावे लागत नाही. लोकमान्य टिळक मधुमेही होते. १९०८ साली शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले आणि १९१४ मध्ये सुटले. परमुलुख, प्रतिकूल हवा, घरच्या माणसांचा विरह आणि त्यात हा आजार. त्या काळी मधुमेहावर आहार-नियंत्रणापलीकडे खात्रीचा उपाय नव्हता. लोकमान्यांनी नेहमीचा आहार बाजूला ठेवून सातूच्या पिठावर भर दिला आणि हा नियम निग्रहाने पाळला. याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य'चे लेखन झाले. निष्काम कर्मयोगाचे ते प्रतिपादन करणारा माणूस त्या वेळी रोज पथ्याचे ताट पुढे घेऊन बसत होता. ग्रंथातला कर्मयोग आणि ताटातला कर्मयोग एकच होता.

पण याच उदाहरणाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, "टिळकांनी पथ्यावर मधुमेह आवरला, मग तुम्हाला सुई कशाला?" अशा सद्‌गृहस्थांना काळाचा क्रम दाखविला पाहिजे. लोकमान्यांचे निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झाले. माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले ते ११ जानेवारी १९२२ रोजी, कॅनडातील टोरांटो येथे, एका चौदा वर्षांच्या मुलाला. त्यापूर्वी ज्या मुलांच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नसे, त्यांच्यासाठी हा आजार म्हणजे मृत्यूची सूचना होती. लोकमान्यांनी त्या काळी उपलब्ध असलेला सर्वोत्तम उपाय निष्ठेने पाळला. आज त्यांचे अनुकरण करावयाचे, तर आज उपलब्ध असलेला सर्वोत्तम उपाय तितक्याच निष्ठेने पाळावा लागेल.

विशेषतः लहान मुलांच्या मधुमेहाबाबत तडजोडीला जागा नाही. अशा मुलाचे इन्शुलिन कोणाच्या सांगण्यावरून थांबविले, तर अवघ्या एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठू लागते, उलट्या होतात, श्वास जोरजोरात चालतो आणि मूल बेशुद्धीकडे जाते. तेथे सल्ला म्हणजे जिवाशी खेळ.

संघजीवनातही आजारासह कर्तव्य बजावण्याचे आदर्श आहेत. डॉ. हेडगेवार स्वतः वैद्यकाचे पदवीधर होते आणि तरीही अखेरच्या काळात त्यांना रोगी होऊन उपचार घ्यावे लागले. प्रकृती ढासळलेली असताना ९ जून १९४० रोजी त्यांनी नागपूरच्या वर्गात स्वयंसेवकांचा निरोप घेतला. २१ जूनला त्यांचे देहावसान झाले. श्रीगुरुजींवर १९७० च्या जुलैत मुंबईत कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे, ५ जून १९७३ पर्यंत ते होते आणि त्यातील बराचसा काळ त्यांनी प्रवासात घालविला. बाळासाहेब देवरसांना मधुमेहाने दीर्घकाळ ग्रासले होते. प्रकृती साथ देत नाही हे ओळखून १९९४ मध्ये त्यांनी स्वतःहून सरसंघचालकपदाची धुरा पुढे सोपविली. आजार असताना काम करीत राहणे हे जसे धैर्य आहे, तसेच शरीराची मर्यादा ओळखून वेळेवर भार उतरविणे हेही धैर्यच आहे. "अमक्यांनी आजारातही किती काम केले, आणि तुम्ही?" असे म्हणून एखाद्या थकलेल्या रोग्याला लाजविण्यासाठी या आदर्शांचा उपयोग करू नये.

सल्ला का दिला जातो?

सल्ला देणाऱ्यांची केवळ निंदा करून भागणार नाही. त्यामागचे मन समजून घेतले पाहिजे. पहिले कारण असहायता. समोरच्याचे दुःख पाहवत नाही, हातात काही नाही. मग शब्द तरी द्यावा, असे वाटते. दुसरे कारण भीती. शेजाऱ्याला आजार झाला तो त्याच्या चुकीमुळे, असे एकदा ठरविले की आपण सुरक्षित आहोत असा दिलासा मिळतो. म्हणून "गोड फार खाल्ले असेल", "काळजी फार करतो" किंवा "पूर्वजन्मीचे असेल" अशी कारणे शोधली जातात. येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन डोळे उघडणारे आहे. पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बालके यांचा अभ्यास १९९३ पासून सुरू झाला. जन्मतः कमी वजनाची दिसणारी आपली बाळेही युरोपीय बाळांच्या तुलनेत अंगी चरबीचा वाटा अधिक घेऊन येतात, असे त्यातून दिसून आले. म्हणजे मधुमेहाची बीजे आईच्या पोटात, तिच्या पोषणाच्या आबाळीत रुजलेली असू शकतात. चाळिशीत आजारी पडलेल्या शेतकऱ्याला "तूच ओढवून घेतलेस" असे म्हणण्यापूर्वी हे आठवावे.

तिसरे कारण वैद्यकीय व्यवसायाने मनावर घ्यावे असे आहे. रोगी दोन-तीन तास रांगेत बसतो आणि पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर येतो. कोणती गोळी कशासाठी, ती किती दिवस घ्यावयाची, चुकली तर काय करावयाचे, हे त्याला कोणी सांगत नाही. ही रिकामी जागा मग पारावरचे वैद्य भरून काढतात. 'या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होते' ही सार्वत्रिक समजूत अशीच फोफावली आहे. बहुतेक मधुमेहींचे मूत्रपिंड बिघडते ते न आवरलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने, हे दोन वाक्यांत सांगता येते. दम्याच्या रोग्याला पंपाची 'सवय' लागत नाही, उलट अगदी थोडे औषध थेट फुप्फुसात पोचते, हेही दोनच वाक्यांचे काम आहे. ज्या दवाखान्यात ही दोन वाक्ये बोलली जातात, तेथील रोग्यावर बाहेरच्या सल्ल्याची मात्रा चालत नाही.

उपवास, वारी आणि औषध

आपल्या समाजात सल्ल्याला कधी कधी धर्माचा आधार दिला जातो. "एकादशीला औषध नको", "देवावर भरवसा ठेवा, गोळ्या सोडा" अशी वाक्ये श्रद्धाळू रोग्याला सर्वांत अधिक अडचणीत टाकतात, कारण ती नाकारली तर आपण नास्तिक ठरू, अशी त्याला धास्ती वाटते. वस्तुतः औषध घेतल्याने व्रतभंग होत नाही, अशी परंपरेची स्पष्ट धारणा आहे. पाणी, फळे, दूध यांच्याच पंक्तीत औषधालाही बसविलेले आहे. आजारी माणसाला व्रतनियमांत सवलत देणारा धर्म रोग्याहून कठोर नाही. कठोर असतात ते त्याचे स्वयंघोषित प्रवक्ते.

इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेऊन दिवसभर उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर किंवा गुळाचे पाणी द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालयात न्यावे. उलट, उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा भरपूर खाल्ला तर साखर चढते. म्हणून उपवास करावयाचाच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून औषधाची वेळ आणि मात्रा ठरवून घ्यावी. वारीला निघालेल्या मधुमेही वारकऱ्याने किंवा लेण्याद्री-ओझरला अनवाणी जाणाऱ्या भाविकाने पायांची काळजी घ्यावी. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. काटा रुतलेला कळत नाही, जखम चिघळते आणि पाय गमावण्याची वेळ येते. शेतात अनवाणी राबणाऱ्यालाही हेच लागू आहे. रात्री झोपण्यापूर्वी तळवे उजेडात पाहणे हा दोन मिनिटांचा नेम आहे.

डोळ्यांचेही तसेच आहे. मधुमेहाने पडदा बिघडू लागतो तेव्हा प्रारंभी काहीच जाणवत नाही, म्हणून वर्षातून एकदा पडद्याची तपासणी आवश्यक असते. या परिसराचे भाग्य असे की, डॉ. मनोहर डोळे यांच्या तपश्चर्येतून उभे राहिलेले मोहन ठुसे नेत्ररुग्णालय नारायणगावात आहे. त्यांच्या सेवेचा २०२४ मध्ये पद्मश्रीने सन्मान झाला. शेजाऱ्याला दहा औषधे सुचविण्यापेक्षा त्याला वर्षातून एकदा डोळे तपासायला घेऊन जाणे, हा अधिक चांगला शेजारधर्म आहे.

रोग्याने काय करावे?

चरकाचार्यांनी सांगितलेले रोग्याचे चार गुण आजही मार्गदर्शक आहेत. स्मरण आणि सांगण्याची क्षमता यांसाठी एक साधी वही पुरेशी आहे. औषधांची नावे, साखरेचे व रक्तदाबाचे आकडे, काय खाल्ल्यावर काय झाले आणि डॉक्टरांना विचारावयाचे तीन प्रश्न त्यात लिहावेत. गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी केव्हा केली, तेही नोंदवावे. कोणी सल्ला दिला तर तोही या वहीत उतरवून घ्यावा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावा. त्यामुळे सांगणाऱ्याचा मान राहतो आणि निर्णय योग्य जागी होतो. आयुर्वेदीय उपचार घ्यावयाचे असतील तर ते पदवीधर वैद्यांकडूनच घ्यावेत. चालू औषधे वैद्यांना आणि वैद्यांची औषधे डॉक्टरांना सांगावीत. लपवाछपवी दोन्ही शास्त्रांना मारक ठरते.

तिसरा गुण सूचना पाळण्याचा. औषध बदलावेसे वाटले, परवडत नसले किंवा त्याचा त्रास होत असला, तर ते ज्याने दिले त्याच्याशी बोलावे. अपस्माराचे औषध तर अचानक कधीच बंद करू नये. झटके थांबता थांबत नाहीत अशी अवस्था ओढवू शकते. अशा रोग्याला कांदा किंवा चप्पल हुंगविणाऱ्यांनी तो वेळ त्याला कुशीवर वळविण्यात घालवावा.

चौथा गुण निर्भयता. रोग्याला अनेकदा आजाराहून सल्लागाराची भीती अधिक वाटते. काका रागावतील, मामी दुखावतील, लोक म्हणतील शहाणा झाला. अशा वेळी वाद न घालता नम्रपणे एवढेच म्हणावे, "आपली काळजी पोचली. माझे उपचार ठरलेले आहेत. आपल्याला करावेसे वाटत असेल, तर एक काम मात्र कराल का?" आणि खरोखरच एक काम सांगावे. सल्ल्याच्या रूपाने वाहणारे प्रेम अशा रीतीने कामाच्या पाटात वळविता येते.

सल्ल्याऐवजी सोबत

ते काम कोणते असू शकते? रोगी पुण्याला तपासणीसाठी गेला असताना त्याच्या शेताला पाणी देणे. रुग्णालयाच्या रांगेत त्याच्याबरोबर बसणे. त्याच्या मुलाला शाळेतून आणणे. लग्नकार्यात त्याच्या पानात आग्रहाने जिलेबी न वाढणे. आणि कधी कधी नुसते शेजारी बसून, काहीही न सुचविता, तो बोलेल ते ऐकणे. ज्या स्त्रीचे दुखणे बाहेरून दिसत नाही, जिला 'दिसतेस तर ठणठणीत' हे दिवसातून दहादा ऐकावे लागते, तिच्यासाठी तर असे ऐकणे हेच मोठे औषध असते.

सेवाकार्याचा विस्तारही याच जाणिवेतून झाला आहे. नाना पालकरांच्या स्मरणार्थ १९६८ मध्ये स्थापन झालेल्या समितीचे परळ येथील रुग्ण सेवा सदन बाहेरगावच्या रोग्याला आणि त्याच्या नातलगाला मुंबईत निवारा देते. १९७२ च्या दुष्काळात उभ्या राहिलेल्या रा. स्व. संघ जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे घरी नेण्यासाठी खाट, चाकाची खुर्ची, कुबड्या उपलब्ध करून देतात. तेथे गेलेल्या रोग्याला कोणी विचारीत नाही की, तू आजारी का पडलास. त्याला काय हवे, एवढेच विचारले जाते.

याचा अर्थ कधीच बोलू नये असा नाही. छातीत कळ येत असताना कोणी घरी पडून राहत असेल, एखादा रोगी औषध सोडून बसला असेल, तर जवळच्या माणसाने स्पष्ट बोललेच पाहिजे आणि त्याला उचलून रुग्णालयात नेलेच पाहिजे. त्याच आजारातून गेलेल्याचा अनुभवही मोलाचा असतो. मात्र तो सांगण्यापूर्वी "सांगू का?" एवढे दोन शब्द विचारावेत. उत्तर 'नको' आले, तर ते आनंदाने स्वीकारावे. आजार ज्याच्या देहात आहे, त्याचा त्या देहावर पहिला अधिकार आहे.

चिकित्सेच्या चार पायांपैकी वैद्य आणि औषध आता जुन्नर-आंबेगावच्या माणसाला पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ आले आहेत. रोगी तर घरोघरी आहे. उणीव आहे ती चौथ्या पायाची, म्हणजे प्रेमळ, दक्ष आणि अबोल परिचारकाची. ओसरीवर जमणाऱ्या त्या चार माणसांनी पुढच्या खेपेस सल्ला घरी ठेवून यावे आणि रोग्याला एवढेच विचारावे, "उद्या तपासणीला जायचे आहे ना? गाडी घेऊन किती वाजता येऊ?"